रिकामी सीट दिसते, पण ती स्वस्त नसते

प्रश्न : मी ६१ वर्षांची, यजमान ६६. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते. मेच्या मध्याला तिच्याकडे जाऊन ऑक्टोबरअखेर, दिवाळीच्या आधी परतायचा बेत आहे. दोघांचे व्हिसा आहेत, पण तिकिटांचे आकडे पाहून धडकी भरते. बहिणीचा मुलगा एका विमान कंपनीत नोकरीला आहे. तो म्हणतो, "मावशी, तुला आणि काकांना बडी पास देतो, स्टँडबायवर जा, निम्म्यात काम होईल." दीर म्हणतात, १९७९ मध्ये ते लंडनहून न्यूयॉर्कला स्टँडबायवरच गेले होते, थेट विमानतळावर जायचं, उरलेल्या सीटा ऐनवेळी स्वस्तात विकतात. आणि मुलगी म्हणते, तिकडे शिकागोला जाताना स्टँडबाय फुकट मिळतो. कोणाचं ऐकू? यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विमानतळावर व्हीलचेअर लागते. आम्ही नाशिकला असतो.

उत्तर : ताई, स्टँडबाय म्हणजे त्या विमानात पक्की सीट नसताना, उरली तर मिळेल म्हणून थांबणं. तिघंही हा एकच शब्द वापरताहेत, पण बोलताहेत तीन निराळ्या गोष्टींबद्दल. दिरांचा स्टँडबाय आता उरलेला नाही. मुलीचा आहे आणि कामाचाही आहे, फक्त त्याने कन्फर्म तिकिटाचा खर्च टळत नाही. भाच्याचा खरोखर स्वस्त पडू शकतो, आणि नेमका तोच तुम्ही या प्रवासाला घेऊ नये असं आमचं मत आहे.

दिरांपासून सुरुवात करू, कारण त्यांची आठवण अगदी खरी आहे. २६ सप्टेंबर १९७७ ला फ्रेडी लेकर यांच्या कंपनीने लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला 'स्कायट्रेन' सुरू केली. लंडनहून जायचे ५९ पौंड, न्यूयॉर्कहून यायचे १३५ डॉलर. आगाऊ आरक्षण नाही. त्याच दिवशी रांगेत उभं राहायचं, सीट असेल तर तिकीट मिळायचं, जेवणाचे पैसे वेगळे. तिच्याशी टक्कर द्यायला मोठ्या कंपन्यांनीही अटलांटिकवर स्टँडबायची वेगळी भाडी काढली. म्हणजे १९७९ हे साल स्टँडबायवाल्यांसाठी सुगीचंच होतं. लेकरची कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये बुडाली आणि पुढे ती भाडीही हळूहळू गेली.

गेली ती संगणकामुळे. एकाच इकॉनॉमी केबिनमध्ये दहा-बारा भाड्यांचे वर्ग असतात, आणि कोणत्या वर्गात आज किती सीटा खुल्या ठेवायच्या हे यंत्रणा सतत ठरवत असते. स्वस्त वर्ग आधी संपतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तिकीट मागणारा माणूस बहुधा अडलेला असतो: कामाची बैठक, आजारपण, घरातलं कार्य. तो कितीही देईल हे कंपनीला ठाऊक असतं. त्याच दिवशी स्वस्तात विकायला लागले तर दोन महिने आधी पैसे भरणारे सगळेच थांबून राहतील, म्हणून एखादी सीट रिकामी गेलेली कंपनीला परवडते. आपल्याला रेल्वेची सवय. तिथे चार्ट लागल्यावर उरलेला बर्थ करंट बुकिंगला मूळ भाड्यात १० टक्के सूट देऊन विकतात, त्यामुळे विमानातही तसंच असेल असं वाटतं. विमानात ते बरोब्बर उलटं चालतं.

शिवाय मुंबईला तुम्ही तिकिटाशिवाय टर्मिनलच्या आतही जाऊ शकत नाही. दारावरच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. ऐनवेळी तिकीट घ्यायचंच झालं तर ते मोबाइलवर किंवा कंपनीच्या खिडकीवर घ्यायचं, आणि तिथे दिसतो तो त्या दिवसाचा सगळ्यात चढा दर. दिरांना नमस्कार सांगा, सल्ला मात्र बाजूला ठेवा.

आता भाच्याचा पास. यात दोन-तीन प्रकार असतात आणि घरच्या लोकांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. कर्मचाऱ्याला स्वतःला, जोडीदाराला, मुलांना आणि बऱ्याच कंपन्यांत आईवडिलांना मिळतं ते सवलतीचं स्टाफ तिकीट. ९० टक्के सूट म्हणून त्याला 'आयडी नाइंटी' म्हणत आले आहेत. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जाण्यासाठी अंतरावर ठरलेली 'झेड' भाडी असतात. आणि मित्र किंवा लांबच्या नातेवाइकांसाठी देतात तो बडी पास. मावशी आणि काका बहुतेक ठिकाणी याच तिसऱ्या गटात बसतात. यावर सूट सगळ्यात कमी आणि नंबर सगळ्यात शेवटी. कर आणि विमानतळाचे आकार तर पूर्ण भरावे लागतात, आणि लांबच्या प्रवासात ती रक्कम बरीच होते. म्हणून "निम्म्यात" हा शब्द ऐकल्यावर भाच्याला पहिला प्रश्न विचारा: करांसकट, दोघांचा, जाऊन-येऊन एकूण आकडा किती?

दुसरा प्रश्न लोडचा, आणि तो जरा खोदून विचारायला हवा. स्टाफला आतल्या यंत्रणेत दिसतं की अमुक विमानात किती सीटा विकायच्या राहिल्यात आणि किती स्टाफ प्रवासी यादीत आहेत. "सीटा आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका. समजा ९ सीटा उरल्यात आणि यादीत १४ जण आहेत. आधी ड्यूटीवरचे, मग नोकरीची ज्येष्ठता पाहून कर्मचारी आणि त्यांचं कुटुंब, आणि सगळ्यांच्या मागे बडी पासवाले. तुमचा नंबर १३ आणि १४ असेल तर त्या ९ सीटांचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. वेबसाइटवरचा सीटांचा नकाशा तर मुळीच पाहू नका. त्यात निळी-हिरवी दिसणारी सीट रिकामी असतेच असं नाही. ज्यांनी पैसे देऊन सीट निवडलेली नाही असे शंभर प्रवासी त्या नकाशात दिसतच नाहीत.

आणखी एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सीट खरोखर रिकामी असूनही देत नाहीत, असं होतं. भारतातून अमेरिकेच्या थेट विमानाला पंधरा-सोळा तासांचं इंधन भरावं लागतं. मे महिन्याच्या उकाड्यात हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल तर वळसा पडतो आणि इंधन आणखी वाढतं. मग एकूण वजन मर्यादेत ठेवायला काही सीटा मुद्दाम मोकळ्या सोडतात. अशा रात्री काउंटरवर तुम्हाला "वीस सीटा खाली आहेत, पण घेता येत नाही" असं ऐकू येईल, आणि ते खोटं नसेल.

दिशा आणि महिना यांचा हिशेबही तुमच्या विरुद्ध आहे. मेमध्ये आपल्याकडच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे आईवडील मुलांकडे जायला निघतात आणि विमान कंपन्यांचे कर्मचारी स्वतःही रजा टाकून निघतात. म्हणजे विमान भरलेलं आणि स्टाफची यादीही लांब. जुलैअखेर ते ऑगस्ट विद्यार्थी जातात. परतीच्या बाजूला जूनच्या मध्यापासून तिकडच्या शाळा सुटल्यावर गर्दी, मग दिवाळीच्या आधी, मग डिसेंबरात. तुम्ही नेमके मे आणि दिवाळी धरलेत. गर्दीच्या काळात काही कंपन्या स्टाफ तिकिटं ठरावीक तारखांना बंदच ठेवतात, तेही भाच्याला विचारून घ्या. फेब्रुवारीचा उत्तरार्ध, मार्च किंवा सप्टेंबरात जाणार असता तर आमचं उत्तर इतकं ठाम नसतं.

रात्री विमानतळावर नेमकं काय घडतं तेही डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. स्टँडबायवाल्याने तीन तास आधी हजर व्हायचं, नाव नोंदवायचं आणि बाजूला थांबायचं. काउंटर विमान सुटायच्या साधारण ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो, आणि निकाल त्याच सुमारास लागतो. मिळालं तर हातात तासाभराहून थोडा जास्त वेळ. त्यात बॅगा देणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि टोकाच्या गेटपर्यंत व्हीलचेअर. तरुण माणूस पळतो. यजमानांना पळवता येणार नाही, आणि व्हीलचेअर ढकलणारा मदतनीस त्या क्षणी मोकळा असेलच असं नाही. काही कंपन्यांत निकाल गेटवर लागतो. तिथे नाही मिळालं तर प्रकरण आणखी लांबतं: इमिग्रेशनचा शिक्का रद्द करून घ्यायचा, ड्यूटी फ्रीमध्ये काही घेतलं असेल तर परत करायचं, ऑफलोड झालेल्या बॅगा ताब्यात घ्यायच्या आणि पहाटे तीनला बाहेर यायचं. ठाण्याला किंवा अंधेरीत कोणी जवळचं असेल तर ठीक. नाशिकला परत जाऊन दुसऱ्या रात्री पुन्हा यायचं म्हणजे तीन-साडेतीन तासांचा रस्ता दोन वेळा.

दोघांपैकी एकालाच सीट मिळाली तर काय, हे घरीच ठरवावं लागतं, कारण काउंटरवर विचार करायला अर्धा मिनिट मिळतो. तुमच्या बाबतीत उत्तर उघड आहे: दोघं एकत्र नाही तर कोणीच नाही. पण याचा अर्थ एक सीट मोकळी असलेली प्रत्येक रात्र वाया.

मधल्या थांब्याच्या मार्गाने स्टाफ तिकीट काढलं तर धोका दुप्पट होतो. पहिल्या विमानात बसलात, दुसऱ्यात नाही, तर अडकणार परक्या विमानतळावर. युरोपात अडकलात तर बहुतेक ठिकाणी भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट क्षेत्राबाहेर पडून हॉटेलात जायला तिथला वेगळा व्हिसा लागतो. तो नसेल तर खुर्चीवर रात्र काढायची. दुबई आणि अबुधाबीत अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना पोहोचल्यावर १४ दिवसांचा व्हिसा मिळतो, त्यामुळे निदान बाहेर पडता येतं. गुडघा आणि औषधं सांभाळणाऱ्या माणसाला हा फरक लहान नाही.

परतीचा भाग सगळ्यात नाजूक. अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिसाच्या तारखेवर ठरत नाही, उतरल्यावर मिळणाऱ्या आय-९४ नोंदीवर ठरतं; पर्यटक व्हिसावर ती बहुधा सहा महिन्यांची असते. मेच्या मध्याला उतरलात तर मुदत नोव्हेंबरच्या मध्याला संपते. ऑक्टोबरअखेर स्टँडबायवर निघायला लागलात आणि दिवाळीची गर्दी मध्ये आली, तर दोन आठवडे बघता बघता निघून जातात. मुदत उलटली की पुढच्या व्हिसाला त्रास होतो. "सीट मिळाली नाही" हे कारण तिथे कोणी ऐकत नाही.

पैशाचं गणित मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे घालून हेच पुन्हा करा. दोघांचं परतीचं कन्फर्म तिकीट २,४०,००० रुपये. बडी पास करांसकट १,२०,०००. वाचले १,२०,०००. मुंबईत दोन रात्री अडकलात, हॉटेल आणि गाडी मिळून १५,००० गेले; अजून १,०५,००० हातात आहेत, हरकत नाही. पण परतताना आठवडाभर सीट मिळाली नाही आणि शेवटी ऐनवेळचं एकेरी तिकीट प्रत्येकी ९०,००० ला घ्यावं लागलं, तर ते झाले १,८०,०००. वाचलेलं सगळं जाऊन वर ७५,००० खिशातून. न वापरलेल्या पासाचे काही पैसे परत मिळतील तेवढाच दिलासा. स्टाफ तिकिटावर फिरणारे जुने लोक म्हणूनच एक नियम पाळतात: दोन्ही बाजूंचं ऐनवेळचं पूर्ण भाडं कार्डावर तयार असेल तरच घराबाहेर पडायचं. तेवढी रक्कम अडकवायची तयारी नसेल, तर पास कितीही स्वस्त असो, तो आपल्यासाठी नाही. प्रवास विम्याकडूनही आशा ठेवू नका. स्टँडबायवर सीट न मिळणं म्हणजे विमानाला उशीर होणं नव्हे, त्याची भरपाई मिळत नाही.

तरीही भाच्याचं मन मोडवत नसेल तर मधला मार्ग आहे. जाताना पास वापरा, येताना कन्फर्म एकेरी तिकीट आधीच काढा. जाताना घर मागे असतं, मुदतीची टांगती तलवार नसते, आणि अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवायला परतीची पक्की तारीख असते. मात्र एकेरी तिकीट सगळ्या कंपन्या निम्म्या भावात देत नाहीत. काहींचं एकेरी परतीच्या तिकिटाच्या जवळपास जातं. ते पाहूनच ठरवा. सामान प्रत्येकी एकच बॅग, औषधं किमान दहा दिवसांची जास्त आणि सगळी हातातल्या पिशवीत. काउंटरवर वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. तुमच्या वागण्याची तक्रार भाच्याच्या नावावर जाते आणि त्याची प्रवासाची सवलत बंद होऊ शकते. त्याला पासाच्या खर्चापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. पास विकणं हा कंपनीच्या दृष्टीने नोकरीवर बेतणारा गुन्हा आहे. नेटवर बडी पास विकायला ठेवलेले दिसतात, त्यांच्या वाटेला कोणीच जाऊ नये.

आमचं म्हणणं विचाराल तर दोन्ही बाजू कन्फर्म काढा आणि बचत दुसरीकडे शोधा. मेच्या मध्याऐवजी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातले मंगळवार-बुधवार तपासा. फक्त मग सहा महिने ऑक्टोबरअखेरच संपतील, तेव्हा परतीही तेवढीच अलीकडे आणा. थेट विमानाऐवजी एका थांब्याचं पाहा, पण सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडू नका, पहिलं विमान चुकलं की दुसरं बुडतं. एडिसनला न्यूअर्क विमानतळ जवळ पडतो. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं तिकीट थोडं स्वस्त दिसलं तरी गाडीभाडं आणि टोल धरून बघा. आणि एक छोटी युक्ती: शोधताना आधी एका प्रवाशाचं भाडं पाहा, मग दोघांचं. स्वस्त वर्गात एकच सीट उरली असेल तर दोघांचं मागितल्यावर यंत्रणा दोघांनाही महागडा वर्ग दाखवते. फरक मोठा असेल तर तिकिटं वेगवेगळी काढून कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडून घ्या आणि व्हीलचेअरची नोंद दोन्हीवर करा.

मुलीचं म्हणणं मात्र जरूर वापरा. अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात 'त्याच दिवशीचा स्टँडबाय' म्हणून सोय असते. हातात कन्फर्म तिकीट असतं, आणि त्याच दिवशीच्या, त्याच मार्गावरच्या दुसऱ्या विमानात सीट असेल तर बदलून मिळते. युनायटेडने ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर करून १ जानेवारी २०२१ पासून हे फुकट केलं. इतर मोठ्या कंपन्यांकडेही सोय आहे, पण कोणाला सभासदत्व लागतं, कोणाचं सगळ्यात स्वस्त तिकीट चालत नाही, आणि या अटी बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी त्या भाड्याचे नियम वाचायला मुलीला सांगा. न्यूअर्क आणि शिकागो ओ'हेअर ही दोन्ही युनायटेडची मोठी केंद्रं, दिवसभर विमानं असतात, म्हणून हा मार्ग यासाठी चांगला.

फायदा असा काढतात: रात्री नऊचं विमान दुपारच्यापेक्षा स्वस्त असेल तर रात्रीचं तिकीट घ्यायचं. सुटायच्या २४ तास आधी अॅपवर चेक-इन करून 'विमान बदला'मध्ये दुपारच्या विमानासाठी स्टँडबायला नाव टाकायचं. दुपारी सीट मिळाली तर उत्तम; नाही मिळाली तर रात्रीची तुमची जागा शाबूत असते. बडी पासापेक्षा हा प्रकार वेगळा पडतो तो इथेच. मंगळवार, बुधवार, शनिवार दुपार बरे. रविवारची संध्याकाळ विसरा. एखादं विमान रद्द झालं असेल तर त्या दिवशी नादाला लागू नका, त्यातले सगळे प्रवासी यादीत तुमच्या पुढे जातात. यादी गेटवरच्या पडद्यावर दिसते, आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं असतात. पैसे देऊन पुढची सीट घेतली असेल तर ती बदलीत जाते, आणि दोघांना शेजारी बसवतीलच असं नाही. बॅग चेक-इन केली असेल तर ती मूळ तिकिटाच्या, रात्रीच्याच विमानाने येऊ शकते. शिकागोला रात्रीपर्यंत तिची वाट पाहायची नसेल तर हातातल्या बॅगेवर जा.

राहता राहिली एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. विमानातल्या सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली की गेटवर घोषणा होते: कोणी स्वखुशीने सीट सोडाल का? न्यूअर्क-शिकागोसारख्या मार्गावर, घाई नसेल तर ऐकायला हरकत नाही. पहिल्याच आकड्याला हात वर करू नका, तो वाढत जातो. हो म्हणण्याआधी तीन गोष्टी वदवून घ्या: पुढच्या विमानात सीट कन्फर्म आहे की पुन्हा स्टँडबाय, मोबदला रोख की कूपन आणि कूपन असेल तर किती महिन्यांत वापरायचं, आणि मुक्काम पडला तर हॉटेल-जेवण कोणाकडे. भारतात, तुमची इच्छा नसताना जादा बुकिंगमुळे उतरवलं, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाने एका तासात सुटणारं दुसरं विमान दिल्यास काही मिळत नाही. २४ तासांच्या आत दिल्यास एकेरी मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाल्यास ४०० टक्के, कमाल २०,०००. हे हक्क कन्फर्म तिकीटवाल्याचे. स्टँडबायवाला उतरवला जात नाही, तो मुळात चढलेलाच नसतो.